माडाच्या आळ्यातली जाई

अण्णा, काल संध्याकाळपासून मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आईला जाऊन सात. मी आता साठीकडे झुकलेली बाई, आणि सकाळी उठून चहासुद्धा न घेता वही उघडून बसले आहे ती तुमच्याशी भांडायला. काल काय झालं ते शेवटी सांगते. आधी जुनं सांगायला हवं, कारण कालचं तिथूनच आलेलं आहे, आणि ते जुनं तुमच्या लक्षात नसणार याची मला खात्री आहे. ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं तुम्हाला पाठ होती. घरातलं मात्र तुम्ही सोयीने विसरायचात.

मी आठवीत होते त्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंची जाई आपल्या बाजूला वाकली होती. दोन घरांमध्ये दगडी गडगा होता, त्याच्यावरून एक लांब फांदी खाली जमिनीपर्यंत आली होती. मी ती हातात धरून बघत होते तर काकू पलीकडून म्हणाल्या, "घे गो, लाव तुमच्याकडे पण. माझ्या आजेसासूच्या वेळची आहे. तोडा, उपटा, मरत नाही ती मेली." मी फांदी तोडायला निघाले आणि तुम्ही पडवीतून ओरडलात. तोडायची नाही, म्हणालात. तुम्ही खाली आलात, धोतराचा काचा मारलात, आणि मला दाब कलम कसं करतात ते दाखवलंत. फांदी आईपासून, म्हणजे मूळ वेलीपासून, तोडायची नाही, वाकवायची. एका पेराशी साल नखाने जरा खरवडायची. तेवढा भाग मातीत दाबायचा, वर जांभ्याचा तुकडा ठेवायचा आणि दोन महिने विसरून जायचं. विसरणं तेवढं मला जमलं नाही. रोज शाळेतून आले की मी दगड उचलून बघायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मुळं फुटताना कोणी टक लावून बघितलेलं त्यांना आवडत नाही. चल, आत हो." शिकवायचात फार छान, अण्णा. ते कोणी नाकारत नाही. माझा राग त्यामुळे कमी होत नाही, वाढतो.

दिवाळीनंतर कलम आईपासून सोडवलं आणि कुठे लावायचं हा प्रश्न आला. आपलं घर चढावर. पडवीतून मांडवीचा समुद्र दिसायचा, पण खालची ती भुसभुशीत जमीन आपल्या वाट्याला आली नव्हती. आपल्याकडे हातभर खणलं की कातळ लागायचा आणि पहार वाजायची. खोल माती होती ती एकाच जागी, न्हाणीघरामागच्या माडाच्या आळ्यात. आजोबांनी कधीकाळी टोपल्यांनी माती आणून ते आळं भरलं होतं. जागा तुम्ही दाखवलीत, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते. "इथेच लाव, आळ्याच्या कडेला. न्हाणीचं पाणी आयतं मिळेल." मी लावली. माडाच्या खोडापासून दोन हातांवर. तिथून न्हाणीच्या छपरापर्यंत तुम्ही काथ्या बांधून दिलात आणि चैत्रात जाईचं टोक छपराच्या वाशाला टेकलं. थोड्या कळ्याही आल्या. पाकळीच्या पाठीवर ती गुलाबी रेघ असते ना, ती मला पहिल्यांदा स्वतःच्या वेलीवर दिसली तेव्हा मी शाळेला उशिरा पोचले होते आणि आमच्याच शाळेत मास्तर असलेल्या तुम्ही, माझे वडील असूनही, मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत. तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. न्याय म्हणजे न्याय, असं वाटलं होतं मला.

त्याच थंडीत मी बाजूला बसायला लागले होते. महिन्याचे ते चार दिवस मागची पडवी माझी. वेगळी चटई, वेगळा तांब्या, ताट दुरून सरकवलेलं. लोणच्याला शिवायचं नाही, तुळशीला नाही, फुलझाडाला तर मुळीच नाही, कारण वेल सुकते. असं आई सांगायची, तिला तिच्या आईने सांगितलेलं. तुम्ही त्या चार दिवसांत मागच्या पडवीकडे फिरकायचासुद्धा नाहीत. माझं गणित अडलं तरी ते दुसऱ्या दिवशीवर जायचं, तिसऱ्यावर जायचं. तेही मी सोसलं, सगळ्यांच्याच घरी तसं होतं.

मग मे महिना आला. माडाची बोंडं गळत होती आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलं की मीठ कमी पडतंय. माडाला मीठ सगळेच घालतात, पण पाऊस तोंडावर आला की घालतात, आणि बेताने. तुम्हाला सुट्टी होती, हातांना काम नव्हतं, आणि काहीही केलं तर ते भरपूर करायचं हा तुमचा स्वभाव. घमेलंभर खडेमीठ आळ्यात ओतलंत आणि वर न्हाणीचं पाणी सोडलंत. मी पडवीत चटईवर बसून बघत होते. माझा तिसरा दिवस होता. त्याच दुपारी वारा सुटला, जाईचा काथ्या छपरावरून निसटला आणि वेल जमिनीवर लोळायला लागली. हाका कोणाला मारणार, आई झोपलेली, तुम्ही गावात गेलेले. मी उठले आणि काथ्या परत बांधला. वेलीला हात लागला. लागणारच, हात न लावता वेल कशी बांधतात?

आठ-दहा दिवसांत जाई कडांकडून करपायला लागली. आधी पानांच्या कडा तपकिरी, मग पानं, मग कोवळे शेंडे खाली मान टाकून. सकाळी आई कळशी घेऊन न्हाणीतून बाहेर आली आणि वेलीसमोर उभी राहिली. "काय गो, ही अशी करपली कशाने? परवापर्यंत बरी होती ना?" मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तू बाजूला होतीस तेव्हा हिला हात लावलास काय? खरं सांग हां."

मी हो म्हणाले. खोटं बोलायला तुम्हीच शिकवलं नव्हतं.

"होय म्हणते बघा! तोंड वर करून होय म्हणते! सोन्यासारखी वेल जाळलीन हो हिने!" आईचा आवाज गडग्यापलीकडे गेला, आणि काकू आल्याच. त्यांनी गडग्यावर हात ठेवून वेलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, कोवळी ती, तिला सोसतं होय असलं? तुला सांगितलं नव्हतं काय कोणी?" ज्या बाईने मला ती वेल दिली होती, तिच्यासमोर मी ती मारणारी ठरले.

आणि तुम्ही कुठे होतात? तिथेच होतात. न्हाणीच्या पायरीवर दात घासत उभे होतात. तुमच्या बोटाला दंतमंजन लागलेलं होतं आणि तुमच्यापासून वीतभर अंतरावर ते घमेलं भिंतीला टेकवलेलं होतं, काठावर मिठाचे खडे वाळून बसलेले. तुम्ही वेलीकडे बघितलंत. आळ्याकडे बघितलंत. मी तुमचं बघणं पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही. तुम्ही चूळ भरलीत, पंच्याने तोंड पुसलंत आणि आत गेलात. मागून आई म्हणत होती, "यापुढे तुझा हात नको हिला. चार दिवस नको नि एरवी पण नको."

अण्णा, तुम्ही ज्या दोन महिन्यांचा हिशेब कधी केला नाहीत ते सांगते. मला ते खरं वाटलं. मी तुमची मुलगी, वर्गात पहिली येणारी, आणि मला खरं वाटलं की माझ्या हातात काहीतरी आहे. मी कढीपत्ता तोडायला जायची बंद झाले. तुळशीला प्रदक्षिणा घालताना पदर नव्हताच, तर फ्रॉकचा घेर मुठीत आवळून धरायचे, पान लागू नये म्हणून. साबणाने हात घासायचे. तेरा वर्षांची पोर, स्वतःच्या तळहातांना भ्यायची. तुमच्या एका वाक्याने ते थांबलं असतं. 'मीठ जास्त झालं माझ्याकडून.' चार शब्द, अण्णा. मोजून चार.

पाऊस लागला, शाळा सुरू झाली, आणि नववीला विज्ञान शिकवायला तुम्हीच आलात. शाळेत तुम्हाला सर म्हणायचं हा आपला नियम. आषाढातला तो तास मला असा दिसतो की खिडकीतून येणारं पाणीही दिसतं. टेबलावर दोन वाट्या आहेत. आदल्या दिवशी तुम्ही एका वाटीत साधं पाणी घेतलंय, एकीत मिठाचं, आणि दोन्हींत बटाट्याची फोड टाकली आहे. आज तुम्ही साध्या पाण्यातली फोड उचलता, ती ताठ आहे. मिठातली उचलता, ती तुमच्या बोटांत लोंबते. "पाणी आत होतं, मिठाने ते बाहेर खेचलं. याला म्हणतात परासरण," तुम्ही फळ्यावर लिहिता, तुमचं सुंदर अक्षर. "झाडाच्या मुळाशी फार मीठ झालं, तर भोवती पाणी असूनही झाड तहानेने मरतं."

मला ते घमेलं दिसलं. काठावरच्या खड्यांसकट दिसलं. मी उभी राहिले. "सर, माडाला घातलेलं मीठ शेजारच्या वेलीला लागतं का?"

वर्गात कोणाला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं. ती लोंबणारी फोड तुमच्या हातात होती आणि तुम्ही माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होतात. मग म्हणालात, "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. बस खाली."

त्या शनिवारी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी झारी आणलीत. पत्र्याची, हिरवा रंग दिलेली, छोटीशी. माझ्या हातात दिलीत आणि रिकामी पिशवी खुंटीला अडकवलीत. काय करायचं होतं मी तिचं? वेलीला हात लावायची मला बंदी, आणि तुम्ही मला पाणी घालायला झारी आणता! मी ती न्हाणीच्या दाराशी ठेवली. आईने तिच्यात राख भरून ठेवायला सुरुवात केली. वस्तू आणून देणं सोपं असतं, ती पिशवीत घालून आणता येते.

आणि मग श्रावणात जाई फुटली. फुटणारच होती. आपल्याकडचा पाऊस, त्याने दोन महिने आळं धुऊन काढलं, मीठ गेलं वाहून, खोड मुळाशी जिवंत होतंच. जमिनीलगत तांबूस कोंब आले, एक नाही, पाच-सहा. काकूंनी सांगितलं होतं तसं मरत नव्हती ती मेली. मला इतका आनंद झाला की मी पडवीतून ओरडले. आई धावत आली, कोंब बघितले आणि काकूंना हाक मारली. "बघितलंत काय वैनी? हिचा हात लागायचा थांबला नि वेल फुटली. आता तरी पटेल पोरीला!" म्हणजे वेल मेली तेव्हा मी गुन्हेगार ठरले, आणि जगली तेव्हा गुन्हा सिद्ध झाला. तुम्ही पडवीत चहा पीत होतात. आई तुमच्याकडे वळून म्हणाली, "खरं की नाही हो?"

तुम्ही म्हणालात, "हं."

मी त्या 'हं'वर आयुष्यभर दात धरून आहे. गप्प राहिला असतात तर मी म्हटलं असतं, लक्ष नव्हतं. पण तुम्ही ऐकलंत, बशीतून घोट घेतलात, आणि 'हं' म्हणालात. हेच तुम्ही, जे ग्रहणाच्या दिवशी घरोघरी माणसं दारं लावून बसलेली असताना आम्हा पोरांना मैदानात घेऊन गेलात, पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर सूर्याची कोर दाखवलीत. त्या दिवशी तुमच्यावर गावातली म्हातारी माणसं ओरडली, हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, तुम्ही हटला नाहीत. सूर्यासाठी गावाशी भांडलात. मुलीसाठी स्वतःच्या बायकोशी एक वाक्य बोलवेना!

आता माझंही ऐका. बटाट्याच्या तासानंतर मी दर महिन्याला, त्या चार दिवसांत, दुपारी आई निजली की उठून वेलीपाशी जायचे आणि दोन्ही हात तिच्यात घालायचे. पानं कुरवाळायचे, शेंडे काथ्याला गुंडाळायचे, खोड मुठीत धरून उभी राहायचे. हा माझा प्रयोग होता, तुमच्याच पद्धतीचा. जाई अशी माजली की न्हाणीचं छप्पर दिसेनासं झालं. आई टोपलीभर कळ्या तोडायची, देवाला वाहायची, उरल्यांचा गजरा करून माळायची आणि काकूंना सांगायची की वेलीला सांभाळावं लागतं. मी पडवीत बसून हसायचे. पण सांगितलं कधीच नाही. सांगितलं असतं तर तिने देवावरची फुलं गडग्याबाहेर फेकली असती आणि मला वेलीच्या आसपास फिरकू दिलं नसतं.

तुमच्याशी मात्र एकदा बोलले, लग्न ठरल्यावर. तुम्ही जाई छाटत होतात, मी खाली पडलेल्या फांद्या गोळा करत होते. मी विचारलं, "अण्णा, ती वेल मिठाने गेली होती ना? तुम्हाला माहीत होतं ना?" तुमची कात्री थांबली. तुम्ही म्हणालात, "बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही." आणि थोड्या वेळाने, जरा मऊपणे, "इतकं काय ते धरून बसायचं? वेल आली ना परत?" वेल आली, अण्णा. तुम्ही वेलीचीच चौकशी केलीत.

तुम्ही गेल्यावर मी त्याच जाईचं दाब कलम करून इथे आणलं. माझ्या घरी कोणी बाजूला बसत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीच मी ते ठणकावून बंद केलं आणि त्याचा मला केवढा ताठा होता ते तुम्हाला काय सांगू. दोन वर्षांपूर्वी सून आली, तिला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं की या घरात कुठेही जा, कशालाही हात लाव. तिलाच जाईची आवड आहे. पाणी तीच घालते.

काल पोफळीच्या वन्सं आल्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. सुनेचं पोट दुखत होतं, ती सुट्टी घेऊन घरी होती, तरी झारी घेऊन जाईपाशी उभी होती. उन्हाने वेलीची खालची पानं पिवळी पडली आहेत, दर वर्षी पडतात. वन्संनी ती बघितली आणि मला म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगो, हिला अडचण आहे ना आज? मग वेलीला हात लावू देतेस कशी? म्हणूनच पिवळी पडल्ये ती. खरं की नाही?"

सुनेने झारी धरलेली तशीच माझ्याकडे बघितलं.

मी कपांत चहा ओतत होते. आणि मी म्हणाले, "हं."

तिने झारी खाली ठेवली, हात ओढणीला पुसले आणि आत गेली. रात्री जेवताना नेहमीसारखी बोलली, पण माझ्याकडे न बघता.

काय होतं असं माझ्या मनात? शोधलं मी खूप. काही नव्हतं. वन्सं थोरल्या, पाहुण्या, मंगळवारी जाणारच आहेत, चहा गार होत होता. एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुमच्याजवळ काहीतरी मोठं कारण असेल, जे मला कळत नाही. नव्हतंच काही, होय ना? चूळ भरायची होती आणि आत जायचं होतं. याने तुम्ही सुटत नाही, अण्णा. उलट आता मला तुमचा जास्तच राग येतो, कारण इतक्याशासाठी तुम्ही मला त्या पडवीत एकटी सोडलंत.

वन्सं अजून उठलेल्या नाहीत. सून स्वयंपाकघरात आहे, कपबशांचा आवाज येतोय. हे सगळं ऐकायला हवं ते तिने, तुम्ही नव्हे. मधे एक दार आहे आणि चार पावलं. तिच्याशी बोलायला गेले तर ती माझ्याकडे बघेल, म्हणून मी तुम्हाला लिहीत बसले. जाईला आज अजून पाणी घातलेलं नाही.